पुलावरची राखलेली जागा

आमच्या फ्रिजमध्ये यमुनेचं पाणी असायचं. गंगेचं असतं तर मी चारचौघांत सांगितलंही असतं, लोक देवघरात ठेवतात. पण यमुनेचं, तेही दिल्लीतलं, काळपट, वर फेस आलेलं, आणि दुधाच्या पिशव्यांना खेटून उभं! एकदा नवरा ऑफिसातून तहानलेला आला आणि बाटली तोंडाला लावणार एवढ्यात मी किंचाळले, "अरे थांब, ते सरांचं आहे!" त्याने बाटली दोन बोटांत धरून परत जागेवर ठेवली आणि साबणाने तीनदा हात धुतले.

सर म्हणजे माझ्या नवऱ्याचे मिरजेच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. रिटायर झाले, आणि त्यानंतर दर जानेवारीत तीन आठवडे दिल्लीला यायला लागले. उतरायचे आमच्याकडे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, एक बाल्कनी, त्यात आम्ही दोघं, आणि हॉलमधल्या दिवाणावर सर. पहिल्या वर्षी मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून विचारलं होतं, "यार, तीन आठवडे? तीन दिवस समजू शकते." तो म्हणाला, "सर आहेत." हे त्याचं उत्तर. मिरजेच्या लोकांना एवढं पुरतं.

मी दिल्लीत जन्मले, दिल्लीत वाढले. बाबा केंद्र सरकारात होते, मीही केंद्र सरकारात. माझं मराठी आई-बाबांकडून जेवढं मिळालं तेवढंच, बाहेर सगळं हिंदी. सर त्यावर हसायचे. मी "सर, नाश्ता लावू?" म्हटलं की म्हणायचे, "सूनबाई, न्याहारी वाढ की. लावायला ती काय कुलूप आहे?" राग यायचा, पण बोलणं एवढं गोड की भांडता येत नसे.

दिल्लीत येऊन त्यांनी कधी काही पाहिलं नाही. लाल किल्ला नाही, राष्ट्रपती भवन नाही. नवरा म्हणाला, "सर, कुतुबमिनार तरी बघून या." सर म्हणाले, "त्याच्यावरून गाडी जाते का?" नाही म्हटल्यावर विषय संपला. त्यांना दिल्लीत दोनच गोष्टी दिसत, गाड्या आणि पूल. आणि ते दोन्ही एकत्र असतील तर जेवणाची शुद्ध राहत नसे. सकाळी आठला माकडटोपी, विटकरी स्वेटर, घडीचं स्टूल, आणि ब्रश गुंडाळलेली बांबूची चटई घेऊन निघायचे. कधी रेल्वेच्या जुन्या कमानींखाली, कधी मेट्रोच्या उंच खांबांपाशी, एकदा तर हिंडन नदीवरच्या पुलासाठी थेट गाझियाबादला. मी म्हटलं, "सर, एवढ्या धुक्यात काय दिसतं तुम्हाला?" तर म्हणाले, "धुक्यातच बघावं. उन्हात सगळ्यांनाच दिसतं."

पाण्याचा नियम त्यांचा पक्का होता. ज्याचं चित्र, त्याचंच पाणी. नदीचा पूल असेल तर नदीचं. मेट्रोचा असेल तर स्टेशनवरच्या नळाचं. मी एकदा गंमत म्हणून नळाचं साधं पाणी त्यांच्या मगात भरून ठेवलं. त्यांनी ब्रश बुडवला, कागदावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "हे घरचं आहे." मला अजून कळलेलं नाही त्यांनी ते कसं ओळखलं.

पांढरा रंग ते वापरत नसत. नवी रंगपेटी आणली की त्यातली पांढरी ट्यूब काढून शेजारच्या मुलांना देऊन टाकायचे. "जलरंगात पांढरं रंगवायचं नसतं, सोडायचं असतं," म्हणायचे. "कागद कुठे कोरा राहणार हे पहिल्याच झटक्याला ठरवावं लागतं. नंतर कितीही रडलं तरी कागद परत मिळत नाही." माझ्या नवऱ्याने हे शाळेत तीनशे वेळा ऐकलेलं, तो पेपर वाचत मान हलवायचा.

दुसरा नियम मापाच्या माणसाचा. पुलाशेजारी एक तरी माणूस उभा केल्याशिवाय पूल केवढा ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक चित्रात कुठेतरी नखाएवढा एक माणूस असे. कधी सायकलवाला, कधी डोक्यावर ओझं घेतलेली बाई. मी त्यांना सगळ्यांना नावं दिली होती. एकाला मी आमच्या सेक्शन ऑफिसरचं नाव दिलं, कारण पोट तसंच होतं.

तिसरा नियम मात्र मला कधीच आवडला नाही. चित्र ओलं असेपर्यंत घरात मोठ्याने बोलायचं नाही. "ओलं चित्र ऐकतं," सर म्हणायचे, आणि हे म्हणताना हसत नसत. चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलेलं, आणि आम्ही दोघं नवरा-बायको आपल्याच घरात कुजबुजतोय! कुकरची शिटी बंद, टीव्ही बंद. एकदा मी वैतागून नवऱ्याला मोठ्याने म्हणाले, "पुरे झालं हे सगळं." सरांनी पटकन टेबलाजवळ जाऊन चित्रावर दोन्ही हात धरले, तान्ह्या बाळाचे कान झाकावेत तसे. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. घाबरून. म्हातारा माणूस एवढा घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतर मी निमूट कुजबुजायला लागले.

आणि एक होतं जुनं चित्र. सर ते दर वर्षी मिरजेहून सोबत आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात यमुनेवरच्या जुन्या लोखंडी पुलाकडे जायला लागायचे, जिथे वरून गाड्या जातात आणि खालून रस्ता. तेव्हा हे चित्र सोबत न्यायचे. तिथे काठावर बसायचे, चित्र मांडीवर ठेवायचे. ब्रशला हातही लावायचे नाहीत. संध्याकाळी परत आणायचे, गुंडाळायचे. मी विचारलं होतं एकदा, "हे पूर्ण कधी करणार?" ते म्हणाले, "माझ्या हातात नाही ते." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जुनं काहीतरी असेल." मी त्या चित्राकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पाहिलं ते त्यांच्या येण्याच्या शेवटच्या वर्षी. रविवारची दुपार होती. दोन दिवस धुकं हटलं नव्हतं, आणि कागदाला ओल लागली म्हणून सरांनी ते जुनं चित्र टेबलावर उघडं करून ठेवलं होतं. सर आंघोळीला गेलेले, नवरा भाजी आणायला. शेजारी दुसऱ्या चित्रासाठी कालवलेले रंग होते, ब्रश होता, मगात पाणी होतं. मी सोमवारी द्यायचे तक्ते घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

आता माझं काम काय, ते सांगायला हवं. राज्याराज्यांतून आमच्याकडे छापील तक्ते येतात. त्यात एक जरी रकाना कोरा असला तरी तो तक्ता परत जातो. काही नसेल तर 'निल' लिहा, आडवी रेघ मारा, काहीही करा, पण कोरं सोडायचं नाही. एकवीस वर्षं मी हेच करतेय. कोरा रकाना दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. घरी वाण्याच्या यादीतही मी रेघा मारते, नवरा चिडवतो.

तर मी मान वर केली आणि चित्र दिसलं. सुंदर होतं, खरंच. जुना पूल, लोखंडाची जाळी, वरून जाणारी गाडी, खाली करडं पाणी. सगळं पूर्ण. फक्त खालच्या रस्त्याच्या कठड्याशी, तिसऱ्या खांबाजवळ, बोटाच्या पेराएवढी एक जागा कोरी. माणसाच्या आकाराची. डोकं, खांदे, खाली साडीचा घेर. चेहरा नाही, रंग नाही, नुसता कागद. आणि एवढ्या मोठ्या चित्रात नजर दुसरीकडे कुठे जाईचना.

मला वाटलं, बिचारे सर. डोळ्यांना दिसत नसेल आता, एवढं बारीक काम जमत नसेल, म्हणून राहिलंय वर्षानुवर्षं. मी ब्रश उचलला. मोहरीच्या फुलांच्या पिवळ्या रंगाचा थोडा गोळा तयारच होता. दोन मिनिटांचं काम. घेर भरला, खांद्यावर शाल काढली, डोक्याला काळा ठिपका, अंबाडा. छान जमलं. स्वतःवरच खूश होऊन मी मोठ्याने म्हणाले, "चलो, झालं. राहा आता इथेच."

सर डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. टेबलाशी थांबले. आणि एकदम जमिनीवर बसले.

"तू काढलंस?"

"हो. राहिलं होतं ना."

"कोण आहे ती?"

"कोण म्हणजे काय सर? मापाचा माणूस."

त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्चीच्या पाठीवर माझी शाल टांगली होती. मोहरीच्या रंगाची. देवाशपथ, काढताना माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"बोललीस काही? ओलं असताना?"

मी सांगितलं काय बोलले ते. मग तिथेच फरशीवर बसून त्यांनी मला सांगितलं.

वीसेक वर्षांपूर्वी ते बायकोला घेऊन दिल्ली बघायला आले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना तो जुना पूल दिसला आणि ते काठावर बसले. बाईंना म्हणाले, "त्या कठड्याशी जाऊन उभी राहा, मापाला माणूस हवं." बाई गेल्या. तिथून हात केला. सगळं चित्र झालं, फक्त बाईंची जागा राखली होती, साडीचा रंग शेवटी भरायचा म्हणून. बाईंची साडी आमसुली होती. "तो रंग जमेना बघ सूनबाई. चारदा कालवला. एकदा लाल व्हायचा, एकदा काळा. मी ओरडून म्हटलं, हलू नकोस. वरून गाडी चालली होती, ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पण चित्र ओलं होतं." पाचव्यांदा रंग कालवून त्यांनी मान वर केली, तेव्हा कठड्याशी कुणी नव्हतं.

पोलीस झाले. नदीत माणसं उतरवून झाली. हिंदूरावपासून एकेका हॉस्पिटलात सर स्वतः जाऊन आले. काहीच नाही. चप्पलसुद्धा नाही.

"मी ती जागा तशीच ठेवली," सर म्हणाले. "गाडीत रुमाल टाकून जागा धरतो ना आपण? तशी. जागा असली तर माणूस येतं. नसली तर कुठे येईल?" मला एवढं रडू आलं की मी त्यांच्या पायांना हात लावून माफी मागितली. ते म्हणाले, "तुला काय माहीत होतं? पण उद्यापासून ती शाल घालू नकोस."

नवरा भाजी घेऊन आला तेव्हा मी त्याला फाडून खाल्लं. "तुला माहीत होतं हे सगळं? सांगितलं का नाहीस?" तर म्हणतो कसा, "तू चित्राचं विचारलंस, बाईंचं विचारलंस कुठे?"

सोमवारी ऑफिसात मीनू माझ्या टेबलाशी आली. मीनू शाहदऱ्याची, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून जुन्या पुलावरून येते. म्हणाली, "मैडम, सुबह-सुबह पुल पे क्या कर रही थीं? मैंने आवाज़ भी दी." मी म्हटलं, कसला पूल, त्या वेळी मी डबे भरत होते. ती हसली. "अरे, वही आपकी पीली शॉल. रेलिंग पकड़ के खड़ी थीं." शाल तर मी कपाटात कुलपात ठेवली होती. मी तक्ते काढून बसले.

मंगळवारी हजेरीच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. थंडीत असं होतं, बोटं सुकतात. मी पुसून, फुंकून, क्रीम लावून पाहिलं. नाही. मागे रांगेतला माणूस माझ्या खांद्यावरून हात घालून आपला अंगठा लावून गेला, मी तिथे नसल्यासारखा. त्या दिवशी चपराशाने सगळ्या टेबलांवर चहा ठेवला, माझ्या नाही. मी बोलावलं तर दचकून म्हणाला, "मैडम! आप कब आईं?"

बुधवारी अकराच्या सुमाराला मी फाइल वाचत होते आणि खुर्ची थरथरायला लागली. पायांखालची जमीनही. लांबून जड काहीतरी येतंय, डोक्यावरून जातंय, गेलं. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या टेबलावर पेन्सिलसुद्धा हलली नव्हती. हात पाहिले तर दोन्ही तळव्यांवर गंजाचा आडवा पट्टा. मी बाथरूममध्ये जाऊन रगडून धुतला. तासाभराने परत आला. आणि पाय गार, एवढे गार की बूट काढून हीटरसमोर धरले तरी कळेना हीटर चालू आहे की बंद. मीनू जाता जाता म्हणाली, "आज तो आपने मुड़ के देखा भी नहीं. नाराज़ हो?"

गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात भाजीची कढई. नवऱ्याने टेबलावर ताटं मांडली. दोन. एक सरांना, एक त्याला. मग इकडे-तिकडे बघून म्हणाला, "सर, बसा तुम्ही, ती आली नाही वाटतं अजून." मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. मी हाक मारली. त्याने ऐकली नाही. दुसऱ्यांदा मारली. कढई खाली टाकली, तेव्हा कुठे तो दचकला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ओळख पटायला त्याला क्षणभर लागला. पंधरा वर्षांचा संसार आमचा.

मी सरांसमोर जाऊन बसले आणि स्पष्ट सांगितलं. "सर, मला तिथून काढा. मी हळूहळू तिकडे चाललेय. मला इथे राहायचंय. माझ्या घरात, माझ्या माणसासमोर." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता.

सर म्हणाले, "रंग उचलता येतो. ओल्या स्पंजाने टिपून टिपून. पण खाली कागद पांढरा राहत नाही, सूनबाई. डाग राहतो. आणि डाग ठेवला तर तूही थोडी तिथे राहशील. ती जागा मग बुजवावीच लागेल." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून दिवाणावर पडले. ते काय सोडायला निघाले होते ते मला कळत होतं. वीस वर्षं तेवढ्या एका पेराएवढ्या कागदावर तो माणूस जगला होता. आणि तरी मी असं म्हणू शकले नाही की नको, राहू दे. खोटं कशाला सांगू? मला जगायचं होतं.

शुक्रवारी मी रजा टाकली, खरं तर टाकायचीही गरज नव्हती. सर आणि मी रिक्षाने जुन्या पुलाला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. धुकं एवढं की पुलाचे पहिले दोन खांब दिसत, तिसरा नाही. सर काठावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. खाली उतरून बाटलीत पाणी भरून घेतलं. थोड्या अंतरावर एक चहावाला हातगाडी लावून उभा होता, त्याने सरांना रामराम केला. सरांनी मान हलवली, पण नजर पुलाकडेच. मी पाहत होते, ते एकदाही दुसरीकडे बघत नव्हते.

त्यांनी स्पंज भिजवला आणि मोहरीचा रंग टिपायला सुरुवात केली. टिपायचे, पिळायचे, परत टिपायचे. शाल गेली. अंबाडा गेला. आणि माझ्या पायांत मुंग्या आल्या, मग कळ, मग ऊब. मी ओक्साबोक्शी रडायला लागले, आणि त्यातच फोन वाजला. नवरा. "कुठे आहेस तू? कालपासून काय झालंय मला कळत नाही, तुझी एवढी आठवण का येतेय?" मी म्हटलं, "येतेय घरी, येतेय रे."

कागदावर पिवळट डाग उरला होता. सरांनी काळपट निळा रंग कालवला. पहिल्याच वेळी जमला. रेघ सरळ आली. कठड्याची एक आडवी, एक उभी, मग जाळीची तिरपी. डाग दिसेनासा झाला. तिथे कुणी उभं राहील एवढी जागा उरली नाही. मग त्या ओल्या चित्रावर वाकून ते म्हणाले, अगदी घरात बोलावं तसे, "हलू नकोस म्हणालो होतो. चुकलं माझं. आता हललीस तरी चालेल. जा, बाई."

वरून गाडी आली. सगळा पूल खडखडला, धुक्यात डबे दिसतही नव्हते, नुसता आवाज. सरांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात चहावाला आला. हातात तीन ग्लास. एक सरांजवळ ठेवला, एक मला दिला, आणि तिसरा धरून आमच्या मागे बघत राहिला. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "माताजी की चाय किसको दूँ? वो तो चली गईं."

मी म्हटलं, "कौन माताजी?"

"अरे, वही. अंकल जी के साथ आती हैं ना, हर साल. यहीं पीछे खड़ी रहती हैं, इनके कंधे के पास. कितनी बार कहा बैठ जाओ, बैठती ही नहीं. बस तस्वीर देखती रहती हैं." त्याने हनुवटीने मागची ओली वाळू दाखवली. "अभी यहीं थीं. अभी पुल की तरफ निकल गईं. आज पहली बार."

मी वळून पाहिलं. वाळू, धुकं, आणि काही नाही.

गाडी निघून गेली. सरांनी डोळे उघडले. "काय म्हणत होता गं तो? ऐकू नाही आलं."

माझ्या तोंडात शब्द होते, सगळे. एवढी वर्षं तो माणूस समोर बघत बसला आणि ती मागे उभी होती. मान वळवायचीच बाकी होती. आणि हे मी आता सांगू, आत्ता, जागा बुजवून दोन मिनिटं झाल्यावर, ज्या जागेवर मीच जाऊन उभी राहिले होते?

"चहा गार होईल म्हणतोय," मी म्हणाले.

सर त्या रात्रीच्याच गाडीने मिरजेला गेले, आणि नंतर दिल्लीला आले नाहीत. पुलांची चित्रं काढणं सोडलं, आता घरामागच्या पेरूची काढतात, असं सांगतात. दर रविवारी फोन करतात. आवाज मोकळा झालाय त्यांचा, झोप लागते म्हणतात. प्रत्येक वेळी माझे आभार मानतात. मी जागा भरली नसती तर ते मरेपर्यंत तिथे बसून राहिले असते, असं त्यांना वाटतं. मी हूं हूं करते. फोन ठेवायच्या आधी मात्र एक वाक्य ठरलेलं असतं, आणि ते आलं की मी नवऱ्याला हाताने खूण करून खोलीबाहेर घालवते, कारण मला माझा चेहरा कुणाला दाखवायचा नसतो.

"एकच वाटतं सूनबाई," सर म्हणतात, "एवढी वर्षं गेलो, पण एकदासुद्धा आली नाही गं ती."

आणि मी म्हणते, "हो ना, सर."